चित्रातला सांधा

उभ्या रेघांची एक आडवी पट्टी. डावीकडे निळे पट्टे, काही गडद, काही फिकट. मध्यावर निळ्या-लालाची सरमिसळ. मग लाल, आणखी लाल, आणि उजव्या टोकाला काळपट वाटावा इतका गडद लाल. आकडे नाहीत, सालं नाहीत, एक शब्दही नाही. हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असणार. कोणाच्या टीशर्टवर, कोणाच्या प्रोफाइलवर, नाहीतर ग्रेटा थुनबर्गच्या ‘द क्लायमेट बुक’च्या मुखपृष्ठावर.

इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये हे पट्टे लोकांसमोर आणले. एक पट्टा म्हणजे एक वर्ष. त्या वर्षाचं सरासरी तापमान जितकं कमी तितका निळा गडद, जितकं जास्त तितका लाल गडद. एवढंच. २०१९ मध्ये त्यांनी एक संकेतस्थळ उघडलं, तिथे आपापल्या देशाचे पट्टे उतरवून घेता येतात. पहिल्याच आठवड्यात ती चित्रं दहा लाखांहून जास्त वेळा उतरवली गेली. टीव्हीवरचे हवामान-निवेदक या पट्ट्यांचे टाय घालून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. ‘द इकॉनॉमिस्ट’ने ते मुखपृष्ठावर छापले. रेडिंगच्या फुटबॉल संघाच्या जर्सीच्या बाह्यांवर ते आले.

आता दहावीची प्रयोगवही आठवा. त्यात कोणी असा आलेख काढला असता तर सरांनी लाल पेनाने विचारलं असतं, अक्ष कुठे? प्रमाण कुठे? एकक कुठे? आणि गुण कापले असते. ज्या आलेखाला शाळेत शून्य मिळालं असतं, तोच हवामानबदलाचं सगळ्यांत ओळखीचं चित्र झाला. यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो विज्ञानापेक्षा नीतीचा जास्त आहे. लोकांना एखादी खरी आणि गंभीर गोष्ट पटवायची असेल तर चित्रातून किती काढून टाकायची मुभा आहे? किती रंगवायची? आणि सोपं करण्याची हद्द संपून फसवणं कुठे सुरू होतं?

*

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. हवामानबदलाचा फोटो काढता येत नाही. पुराचा येतो, वणव्याचा येतो, भेगाळलेल्या शेताचा येतो. पण एक पूर, एक वणवा, एक कोरडं वर्ष म्हणजे हवामानबदल नव्हे. हवामानबदल ही तीस-चाळीस-शंभर वर्षांची सरासरी आहे आणि सरासरी कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. ती हिशेबातच जन्माला येते. त्यामुळे या विषयावरचं प्रत्येक चित्र कोणीतरी बसून काढलेलं असतं. काय घ्यायचं, काय गाळायचं, कुठून सुरुवात करायची, कोणता रंग द्यायचा हे कोणीतरी ठरवलेलं असतं.

याचं जुनं आणि सुंदर उदाहरण म्हणजे कीलिंग वक्र. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे त्याचे ३१५ च्या आसपास रेणू होते. मे २०१३ मध्ये तिथल्या दैनंदिन मोजणीने ४०० ओलांडले आणि आता आकडा ४२० च्या पुढे गेला आहे. या आलेखाची रेघ करवतीच्या दात्यांसारखी वरखाली होत चढत जाते. उत्तर गोलार्धात झाडं पालवली की ती कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि रेघ खाली येते. पानगळ झाली की पुन्हा वर. दरवर्षी एक दाता. पृथ्वीचा श्वास म्हणावा असा.

आता एक खोच. हा आलेख छापताना उभा अक्ष सहसा शून्यापासून सुरू करत नाहीत. तो ३१० वगैरेपासून सुरू होतो, म्हणून चढ डोळ्यांत भरतो. शून्यापासून काढला तर तीच रेघ बरीच सौम्य दिसेल. मग ही लबाडी झाली का?

उत्तर द्यायच्या आधी दुसरा आलेख पाहा. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या मासिकाने पृथ्वीच्या सरासरी तापमानाचा एक आलेख ट्विट केला. उभा अक्ष उणे १० ते ११० अंश फॅरनहाइट. त्यात १८८० पासूनची सगळी तापमानवाढ एका जवळजवळ सपाट रेघेत विरून गेली होती. सोबतचा मजकूर असा होता की हवामानबदलावर हा एकच आलेख पाहिलात तरी पुरे. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. अक्ष होते, एकक होतं, प्रमाण होतं. दहावीच्या सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

आणि तरीही ती शुद्ध दिशाभूल होती. तापाचं उदाहरण घ्या. एखाद्या आजाऱ्याचं तापमान ३७ वरून ४१ अंशांवर गेलं आणि ते आपण शून्य ते दोनशेच्या पट्टीवर मांडलं, तर रेघ सपाटच दिसेल. रोग्याच्या मात्र जिवावर बेतलेलं असेल. शरीरासाठी शून्य आणि दोनशे हे आकडे निरर्थक आहेत. कोणत्या पट्टीवर मोजायचं हे ज्याला मोजतोय त्याच्याकडे पाहून ठरवावं लागतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड गेल्या आठ लाख वर्षांत साधारण १८० ते ३०० च्या दरम्यान हलत राहिला. त्या इतिहासासमोर ३१५ ते ४२० हा चढ प्रचंडच आहे. तेव्हा कीलिंग वक्राचा कापलेला अक्ष त्या सपाट, ‘पूर्ण’ अक्षापेक्षा जास्त प्रामाणिक आहे.

म्हणजे एक भाबडी कसोटी इथेच बाद झाली. आकडे आहेत म्हणून चित्र खरं ठरत नाही आणि आकडे नाहीत म्हणून खोटं ठरत नाही. कसोटी दुसरी कुठली तरी हवी.

*

हा पेच शास्त्रज्ञांना नवा नाही. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ स्टीफन श्नायडर यांनी १९८९ मध्ये ‘डिस्कव्हर’ मासिकाच्या मुलाखतीत तो उघडपणे मांडला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. शास्त्रज्ञ म्हणून आम्ही सगळं सत्य सांगायला बांधील आहोत, सगळ्या जर-तर-पणसकट. पण आम्ही माणसंही आहोत. जग सुधारावं असं आम्हाला वाटतं आणि त्यासाठी लोकांच्या मनात घर करणारी, भडक, सोपी मांडणी करावी लागते, शंका मागे ठेवाव्या लागतात. परिणामकारक असणं आणि प्रामाणिक असणं यांतला तोल प्रत्येकाला स्वतः साधावा लागतो. आणि शेवटी ते म्हणाले की आपण दोन्ही असावं, अशी माझी आशा आहे.

पुढची कित्येक वर्षं त्यांच्या टीकाकारांनी हा उतारा उद्धृत केला तो शेवटचं वाक्य गाळून. मग तो कबुलीजबाबासारखा वाचला जायचा. पाहा, शास्त्रज्ञच म्हणतायत की आम्ही भडक सांगतो! श्नायडर २०१० मध्ये वारले, तोवर त्यांना त्या गाळलेल्या वाक्याचा खुलासा करत राहावं लागलं. प्रामाणिकपणाविषयीचं एक विधान, आणि त्याचंच शेपूट कापून ते वापरलं गेलं. कापणाऱ्याने एकही खोटा शब्द घातला नाही. त्याने फक्त कुठे कापलंय ते दाखवलं नाही.

मला वाटतं कसोटी इथे हाती लागते. कापणं हा गुन्हा नाही. कापल्याशिवाय चित्र होतच नाही. नकाशा काढायचा तर झाडं गाळावी लागतात, चेहरा रेखाटायचा तर सावल्या गाळाव्या लागतात. गुन्हा आहे तो कापल्याची, जोडल्याची खूण बुजवून टाकणं. सुतार दोन लाकडं जोडतो तेव्हा सांधा असतोच. सांधा असणं म्हणजे खोट नव्हे. पण सांध्यात भुसा आणि सरस भरून, वर रंग मारून ‘हे अखंड लाकूड आहे’ म्हणून विकलं, तर ती फसवणूक. चांगला आलेख सांध्यांचाच बनलेला असतो. प्रश्न एवढाच की ते पाहणाऱ्याला सापडतात का.

*

या कसोटीवर एक अवघड उदाहरण तपासू. अवघड अशासाठी की त्यात चूक ‘आपल्या’ बाजूची आहे.

१९९९ या वर्षाच्या हवामानावर जागतिक हवामान संघटनेने एक पुस्तिका काढली. तिच्या मुखपृष्ठावर गेल्या हजार वर्षांच्या तापमानाचा आलेख होता. हजार वर्षांपूर्वी तापमापक नव्हते. त्यामुळे झाडांच्या खोडातली वाढीची वर्तुळं, बर्फाचे थर, प्रवाळ अशा साक्षीदारांवरून जुन्या तापमानाचा अंदाज बांधावा लागतो. या साक्षीदारांपैकी एक गट अडचणीचा होता. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या काही झाडांची वर्तुळं साधारण १९६० पर्यंत तापमापकाशी नीट जुळतात, पण त्यानंतर तापमापक वर जातो आणि झाडं उलट तापमान उतरल्याचं सांगू लागतात. ही गोष्ट शास्त्रज्ञांनी लपवलेली नव्हती. त्यावर शोधनिबंध छापून आले होते. पण मुखपृष्ठासाठीचा आलेख तयार करताना झाडांची रेघ तिथेच कापली, पुढे तापमापकाचे आकडे जोडले आणि दोन्ही मिळून एकच गुळगुळीत रेघ काढली. मुखपृष्ठावर याची कुठेही नोंद नव्हती.

नोव्हेंबर २००९ मध्ये, कोपनहेगनच्या हवामान परिषदेच्या तोंडावर, इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातले ई-मेल चोरून उघड करण्यात आले. त्यातल्या एका जुन्या मेलमध्ये या जोडकामाचा उल्लेख होता, आणि तो ‘ट्रिक’ आणि ‘उतार लपवणं’ अशा शब्दांत. पुढे काय झालं ते ठाऊक आहे. जगभर गदारोळ. एकामागून एक चौकश्या बसल्या. आकडे बनावट असल्याचं कोणत्याही चौकशीत आढळलं नाही. तापमानवाढीच्या निष्कर्षाला धक्का लागला नाही. पण सर म्यूर रसेल यांच्या समितीने २०१० मध्ये या एका चित्राबद्दल स्पष्ट शब्दांत ते दिशाभूल करणारं असल्याचं म्हटलं. समितीचं म्हणणं असं की रेघ कापणं किंवा दोन प्रकारची माहिती जोडणं यात मुळात गैर नाही, पण तसं केल्याचं आकृतीत किंवा निदान सोबतच्या मजकुरात सांगायला हवं होतं.

म्हणजे सांधा होता याबद्दल तक्रार नव्हती. तो दिसत नव्हता याबद्दल होती.

आता हे पट्ट्यांच्या शेजारी ठेवून पाहा. मुखपृष्ठावरच्या त्या आलेखाला अक्ष होते, सालं होती, अंश होते. पट्ट्यांना यातलं काहीही नाही. पण पट्ट्यांनी काय गाळलंय हे पाहणाऱ्याला पहिल्याच नजरेत कळतं, कारण गाळलेली जागा रिकामीच आहे. आकडे नाहीत हे लहान पोरालाही दिसतं, त्याला विचारता येतं, आणि विचारलं की आकडे उघडे पडलेले आहेत. निळा आणि लाल कुठे वेगळे होतात? साधारण १९७१ ते २००० या काळाच्या सरासरीशी. ती सरासरी का? ही निवड आहे आणि तिच्यावर वाद घालता येतो. दुसरा काळ धरला तर मधल्या काही पट्ट्यांचे रंग बदलतील, पण चित्र डावीकडून उजवीकडे तापत जातं ते बदलणार नाही. पट्टे प्रश्न विचारायला जागा ठेवतात. त्या गुळगुळीत रेघेने ती ठेवली नव्हती.

*

डिसेंबर २०१७ मध्ये एका उपाशी ध्रुवीय अस्वलाचा व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. हाडांवर लोंबणारी कातडी, मागचा पाय ओढत चाललेलं, कचऱ्याच्या पिंपात तोंड घालणारं अस्वल. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने तो दाखवला तेव्हा वर मथळा होता, हवामानबदल असा दिसतो. तो अब्जावधी वेळा पाहिला गेल्याचा त्यांचाच अंदाज आहे. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, तो चित्रित करणाऱ्या गटातल्या छायाचित्रकार क्रिस्टिना मिटरमायर यांनी त्याच मासिकात लिहिलं की ते अस्वल नेमकं कशामुळे उपाशी होतं हे आपल्याला सांगता येत नाही. कदाचित आजारी असेल, कदाचित जखमी. मासिकानेही मथळा फार पुढे गेल्याचं मान्य केलं.

समुद्रातला बर्फ कमी होतोय हे खरं. त्यावर शिकार करणाऱ्या अस्वलांचं जगणं अवघड होतंय हेही खरं. ते अस्वल मरणपंथाला लागलं होतं हेही खरं. तीन खऱ्या गोष्टी. पण त्यांच्यामधला ‘म्हणून’ कोणीही तपासला नव्हता. सांधा होता तो त्या ‘म्हणून’मध्ये, आणि त्यावर करुणेचा इतका जाड रंग होता की तो दिसणं शक्यच नव्हतं.

त्यानंतरचं उदाहरण आपल्या दारातलं. ऑक्टोबर २०१९ च्या शेवटी मुंबईचा एक नकाशा फोनोफोनी फिरला. २०५० साली शहराचा मोठा भाग पाण्याखाली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो ‘क्लायमेट सेंट्रल’ या संस्थेच्या संशोधनावरून छापला होता. संशोधन महत्त्वाचंच होतं. जमिनीची उंची मोजण्यासाठी तोवर वापरली जाणारी, अंतराळयानावरच्या रडारने घेतलेली मोजमापं पुष्कळदा झाडांचे शेंडे आणि इमारतींच्या गच्च्याच जमीन म्हणून धरत होती. ती चूक दुरुस्त केल्यावर किनाऱ्यावरची जमीन आपण समजत होतो त्यापेक्षा सखल निघाली आणि धोक्यातल्या माणसांची संख्या काही पटींनी वाढली.

पण नकाशात रंगवलेला भाग म्हणजे भरतीच्या रेषेखाली येणारी जमीन. वाटेत बांध, भिंती, भराव आहेत की नाहीत हे त्यात धरलेलं नव्हतं. त्याच शोधनिबंधाचा अंदाज आहे की जगात आज सुमारे ११ कोटी माणसं भरतीच्या रेषेखालच्या जमिनीवर राहतात. ती बुडालेली नाहीत, बांधांमागे राहतायत. तेव्हा ‘रेषेखाली येणं’ आणि ‘बुडणं’ यांच्यामध्ये एक मोठा ‘जर’ आहे. संशोधकांनी तो लिहिला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या स्क्रीनशॉटमधून तो गळून पडला.

त्या गळालेल्या ‘जर’ची किंमत काय? मुंबई सात बेटांमधली खाजणं भरून झालेलं शहर आहे. बांध घालून समुद्राला बाहेर ठेवणं हा तिचा तीन शतकांचा उद्योग. तिथे खरोखर पाणी भरतं ते बहुतेक वेळा पावसाचं. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की नाल्यांना समुद्रात मोकळं होता येत नाही आणि पाणी मागे फिरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा शहराने ते भोगलं. हा ‘जर’ नकाशात शिल्लक असता तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता. मग आपल्या वॉर्डातल्या नाल्याचं काय? मिठीच्या काठाचं काय? खारफुटीचं काय? ‘जर’ पुसला गेल्यावर उरलं ते भाकीत. आणि भाकितावर माणूस दोनच गोष्टी करतो, घाबरतो किंवा विनोद करतो. आपण दोन्ही केलं आणि दोन दिवसांत पुढच्या फॉरवर्डकडे वळलो.

*

आता सगळ्यांत कठीण आक्षेप. कोणी म्हणेल, हे सगळं सोवळं ठीक आहे, पण घर पेटलंय. पेटलेल्या घरात झोपलेल्याला उठवताना ‘आग लागली असण्याची शक्यता अमुक टक्के आहे’ असं कोणी म्हणत नाही. ओरडतात. थोडं वाढवून सांगितल्याने लोक जागे होणार असतील तर ते वाढवणं पुण्याचंच काम नाही का? प्लेटोनेही आपल्या आदर्श नगरीसाठी ‘उदात्त असत्या’ची सोय करून ठेवली होती.

याला नेहमी दिलं जाणारं उत्तर असं की खोटं उघडं पडतं आणि मग खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. ते बरोबर आहे. २००९ मध्ये एका मुखपृष्ठामुळे हजारो शोधनिबंधांवर शंका घेतली गेली. पण हे उत्तर मला अपुरं वाटतं. त्यातून असा अर्थ निघतो की उघडं पडलं नसतं तर चाललं असतं.

खरी अडचण वेगळी आहे. पेटलेल्या घरात एकच गोष्ट करायची असते, बाहेर पळायचं. तिथे विचार नको, पाय हवेत. हवामानबदलात बाहेर पळायला जागा नाही. तिथे आपल्याला शेकडो निर्णय घ्यायचे आहेत आणि त्यातला प्रत्येक निर्णय कोणाच्या तरी पोटावर येणार आहे. कोळशाच्या खाणी कधी बंद करायच्या आणि तिथल्या कामगारांचं काय? किनाऱ्यावर भिंत कुठे बांधायची आणि कोणत्या कोळीवाड्यासमोर नाही? उन्हाच्या दिवसांत बांधकामाच्या वेळा बदलायच्या तर बुडालेल्या मजुरीची भरपाई कोणी करायची? हे प्रश्न घाबरलेल्या माणसाला सोडवता येत नाहीत. घाबरलेला माणूस निर्णय दुसऱ्याच्या हाती देतो. ज्याने आपल्याला वाढवून सांगून जागं केलं, त्याने आपल्या वतीने ठरवूनही टाकलेलं असतं. त्याचा हेतू कितीही चांगला असो, तो आपल्याशी नागरिक म्हणून वागलेला नसतो. कळप म्हणून वागलेला असतो. त्याला आपण विचार करायला नको आहोत, विशिष्ट दिशेला धावायला हवे आहोत.

सांधा दाखवणं म्हणजे पाहणाऱ्याला सांगणं, हे मी असं जोडलंय, तुला पटत नसेल तर इथून उसवून बघ. तो त्याच्या बुद्धीला दिलेला मान आहे.

*

पण याचा अर्थ प्रामाणिक चित्र फुकट मिळतं असा नाही. ते महाग पडतं. ‘जर’ लिहिलेला नकाशा हळू पसरतो, ‘जर’ पुसलेला वाऱ्यासारखा. त्यात शंका प्रांजळपणे लिहिली की तिच्यावर बोट ठेवून ‘बघा, यांनाच खात्री नाही’ म्हणणारे टपलेले असतात. सपाट रेघवाल्यांना सांधे दाखवण्याचं बंधन वाटत नाही. म्हणजे एका बाजूने हात बांधून कुस्ती खेळायची. हे अन्यायाचं आहे आणि यावर माझ्याकडे तोड नाही.

शिवाय न दाखवणं हीसुद्धा कृतीच आहे. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २००१ च्या अहवालात ‘जळते निखारे’ या नावाने ओळखली जाणारी आकृती होती. तापमान वाढत जाईल तसा प्रत्येक धोक्याचा खांब पांढऱ्यावरून पिवळा आणि पिवळ्यावरून लाल होत जातो. पिवळा नेमका कुठे लाल होतो? हे तापमापक सांगत नाही, माणसं बसून ठरवतात. म्हणूनच तिच्यावर वाद झाला. २००७ च्या अहवालात तिची सुधारलेली आवृत्ती आलीच नाही. त्यावर काम केलेल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये ती स्वतंत्र शोधनिबंधात छापली. त्यात लाल रंग पहिल्यापेक्षा कमी तापमानालाच सुरू होत होता. रंग भडकपणे वापरणं जशी जबाबदारीची गोष्ट आहे, तशी लाल दिसत असताना तो पानाबाहेर ठेवणं हीसुद्धा.

आणि प्रामाणिक चित्रातही आपण स्वतःला फसवू शकतो. भारताचे पट्टे जगाच्या पट्ट्यांशेजारी ठेवा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. जगाची वाढ याहून जास्त आहे. वाटेल, चला, आपण त्यातल्या त्यात बरे. पण तोच अहवाल सांगतो की हवेतल्या मानवनिर्मित धूलिकणांनी आणि जमिनीच्या वापरातल्या बदलांनी इथली काही तापमानवाढ झाकून ठेवली आहे. म्हणजे त्या पट्ट्यांच्या फिकट लालात आपल्या शहरांचा धूरही मिसळलेला आहे. जो धूर छातीत जातो तोच थोडी सावलीही धरतो. हवा स्वच्छ करू तशी ती सावली विरेल. पट्ट्याने काही लपवलं नाही. तो फक्त सरासरी दाखवतो, आणि सरासरीला पत्र्याच्या खोलीतली दुपार आणि एसीतली दुपार यांतला फरक कळत नाही. तिथे प्रश्न आपणच विचारावा लागतो, ही सरासरी कोणाची?

*

आतापर्यंत आपण चित्र काढणाऱ्यांच्या नीतीबद्दल बोललो. पण फोन आपल्या हातात आहे. एखादा नकाशा, एखादा आलेख, एखादं अस्वल पुढे पाठवताना आपणही प्रकाशक असतो. बहुतेक सांधे आपल्याच हातून पुसले जातात. मूळ लेखात असलेली तळटीप आपण स्क्रीनशॉट घेताना कापतो. मथळा आपण लिहितो. ‘शक्यता’ हा शब्द आपण गाळतो, कारण तो असला की वाचणारा थांबतो.

तर थांबू द्यावं. चित्र पुढे धाडण्याआधी दोनच गोष्टी पाहाव्यात. यात काय जोडलंय? आणि ते जोडल्याचं दिसतंय का? दिसत असेल तर ते साधं असो, भडक असो, सुंदर असो, बिनआकड्यांचं असो, खुशाल पाठवावं. दिसत नसेल तर कापलेला ‘जर’ आपल्या अक्षरांत खाली लिहावा. ‘बांध धरले नाहीत तर.’ ‘या एका अस्वलाचं कारण ठाऊक नाही.’ पाच-सहा शब्द लागतात. त्याने चित्र थोडं कमी पसरेल. पण ज्याच्याकडे पोहोचेल त्याच्या हातात भाकिताऐवजी एक प्रश्न जाईल, आणि नाल्यापासून खाणीपर्यंतच्या त्या सगळ्या निर्णयांसाठी आपल्याला प्रश्न पडलेली माणसंच लागणार आहेत.